हे आधी कुणाचं होतं?

मे महिन्यात आमच्या शहरातलं डांबर चपलेला चिकटतं. दुपारी दुकानदार शटर अर्धं ओढून आत पडून राहतात आणि कुत्रीसुद्धा गाड्यांखालून बाहेर यायला तयार नसतात. अशाच एका दुपारी माझ्या घरमालकीणबाई औरंगपुऱ्याच्या कोपऱ्यावर छत्री घेऊन उभ्या होत्या आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या हातात पत्रक कोंबत होत्या. वर कोल्ह्याचं चित्र, खाली ठळक अक्षरं : फरचे कपडे वापरणे आजच बंद करा.

एका रिक्षावाल्यानं रिक्षा थांबवून पत्रक घेतलं, उलटसुलट पाहिलं आणि पाठीला चिकटलेला शर्ट दोन बोटांनी सोडवत म्हणाला, "ठीक है खाला. आजसे बंद."

"शब्द दे."

"दिया ना."

बाई तिथून थेट माझ्या दुकानात आल्या, पंख्याखाली बसल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "एक माणूस आज बदलला."

हे त्यांनी थट्टेनं म्हटलं नव्हतं. थट्टा करणं आणि थट्टा कळणं, दोन्ही सोयी त्यांच्यात नव्हत्या.

मी त्यांना काकू म्हणायचे. आता त्या दिल्लीकडे लेकीजवळ असतात आणि त्यांच्या जागी वर कोचिंग क्लास चालतो. तेव्हा त्या वरच्या मजल्यावर एकट्या राहायच्या, खाली माझं ब्लाऊज आणि ड्रेस शिवायचं दुकान. यजमान पाटबंधारे खात्यातून निवृत्त होऊन वारलेले, एकुलती लेक रेवा परगावी नोकरीला. घर मोठं, वेळ भरपूर आणि आवाज असा, की त्यांनी गॅलरीतून आमच्या भाजीवाल्याला हाक मारली की गुलमंडीवरचा भाजीवाला मान वर करायचा. अशा बाईला काहीतरी काम लागतंच. आधी त्या गव्हाच्या मागे लागल्या होत्या. गहू वाईट, असं त्यांचं मत झालं तेव्हा गल्लीत कुणाच्या डब्यात पोळी दिसली तरी थांबून हळहळायच्या. मग एका डिसेंबरात लेकीकडे गेल्या आणि तिथं कुणीतरी त्यांना फोनवर तो व्हिडिओ दाखवला.

तो त्यांनी मलाही दाखवला. तारेच्या पिंजऱ्यांची रांग, प्रत्येकात एक कोल्हा, आणि तो आतल्या आत गोल गोल फिरतोय, थांबतच नाही. पुढचं मी सांगत नाही. त्यात खोटं काही नव्हतं. मी मेंढरं राखणाऱ्या घरातली, करमाडची. बकरं कापताना पाहिलंय, त्याचं खाल्लंयही. पण पोटासाठी एकदा सुरी फिरवणं वेगळं आणि गळ्यातल्या पट्ट्यासाठी जनावराला जन्मभर वेडं करून ठेवणं वेगळं, एवढं मला कळतं. त्या दुपारी मी जेवले, पण उशिरा.

म्हणजे काकूंचं म्हणणं बरोबर होतं. फक्त ते बरोबर म्हणणं घेऊन त्या चुकीच्या गावात उभ्या होत्या. आमच्याकडे थंडी पाहुण्यासारखी येते आणि तेवढ्यापुरती माणसं कानटोपी आणि जुना स्वेटर बाहेर काढतात. शहराचं नाव बदललं तेव्हा काकूंनी पत्रकं नव्यानं छापून घेतली. नाव नवं, कोल्हा तोच, आणि फरचा कोट घालणारं माणूस आधीही नव्हतं, नंतरही नव्हतं.

माणूस सापडेना म्हणून त्या कपडे तपासू लागल्या. समोरच्याच्या अंगावर काहीही मऊ, केसाळ किंवा झुपकेदार दिसलं की ते चिमटीत धरायच्या आणि विचारायच्या, "हे आधी कुणाचं होतं?"

पहिल्यांदा ऐकणाऱ्याला चोरीचा आळ आल्यासारखं वाटायचं. माझी एक चांगली गिऱ्हाईक होती, शेंद्र्याच्या कारखान्यात सुपरवायझर असलेली मुलगी. मखमली ब्लाऊजच्या बाहीला लावायला पांढरी झुपकेदार लेस घेऊन आली होती. काकू जिना उतरून आल्या आणि त्यांनी लेस चिमटीत धरली.

"हे आधी कुणाचं होतं?"

"माझंच आहे," मुलगी म्हणाली. "पावती आहे."

"तसं नव्हे. तुझ्याआधी?"

"दुकानदाराचं."

"आणि त्याच्याआधी?"

"काकू, ते सुरतचं आहे," मी मध्ये पडले. "मीटरवर मिळतं. ते कधीच सशाच्या अंगावर नव्हतं."

"सशाचं नाव मी घेतलंच नाही," काकू म्हणाल्या. "तुझ्या तोंडून आलं. म्हणजे तुझ्या मनात आहे."

ती मुलगी पुन्हा आली नाही.

दरवर्षी थंडीत मैदानावर स्वेटरवाल्यांचे तंबू लागतात. एका वर्षी काकू मला तिथं ओढत घेऊन गेल्या, कारण 'तुला कापडातलं कळतं'. एका तंबूत लहान मुलाची टोपी टांगलेली होती, शेंड्यावर गोंडा. काकूंनी गोंडा धरला.

"असली है क्या?"

असं विचारणारं गिऱ्हाईक काय ऐकायला आलेलं असतं, हे कुठल्याही विकणाऱ्याला माहीत असतं. तो छाती काढून म्हणाला, "एकदम असली, माताजी. हाथ लगाके देखो."

झालं. काकूंनी आवाज लावला. आजूबाजूचे तंबूवाले गोळा झाले. तो बिचारा घाबरून म्हणायला लागला, "नहीं नहीं माताजी, नकली है. पूरा नकली."

"आत्ता तर असली म्हणालास!"

"वो तो बेचने के लिए बोला."

"मग आता नकली कशासाठी म्हणतोस?"

"वो भी बेचनेच के लिए," तो म्हणाला. त्या सगळ्या गर्दीत खरं बोलणारा तो एकटाच.

काकूंनी टोपी विकत घेतली, रुमालात गुंडाळली आणि रिक्षात मांडीवर धरून आणली. दुकानात शिरल्या शिरल्या म्हणाल्या, "तपास."

मी गोंड्याचे थोडे धागे काढून काडी लावली. केस असला तर जळका वास येतो आणि त्याची राख होते, प्लॅस्टिक असलं तर वितळून मणी होतो. मणी झाला.

"प्लॅस्टिक," मी म्हटलं. "कुणी मेलेलं नाही."

एखाद्याला आनंद झाला असता. काकूंचा चेहरा पडला. "नीट बघ," त्या म्हणाल्या. "पुन्हा जाळ." मी अख्खा गोंडा जाळला. आतून एकही प्राणी निघाला नाही. काकू जिना चढून गेल्या आणि दोन दिवस खाली आल्या नाहीत.

आता ह्याच काकू नेसायच्या काय, तर रेशीम. सणाला पैठणी, देवाच्या कामाला सोवळ्याचं रेशमी. मी एकदा ब्लाऊजला हुक लावता लावता विचारलं, "काकू, तो रेशमाचा किडा कोशासकट उकळतात ना हो?"

"रेशीम शुद्ध असतं."

"रेशीम असेल. पण किडा?"

"किडा आपण होऊन विणतो," काकू म्हणाल्या. "त्याला हौस असते. कोल्हा स्वतः कोट शिवतो का?"

मी मशीन चालू केलं.

पत्रकांचा मजकूर त्या सकाळी पूजा आटोपल्यावर देवघरातच लिहायच्या. शिवलेले कपडे द्यायला वर गेले की उंबऱ्याबाहेरून मला दिसायच्या : समोर देव, मांडीवर कागद, नाकावर चष्मा, आणि बसायला खाली मृगाजिन. म्हणजे हरणाचं कातडं, केसांसकट. मध्ये तपकिरी, कडेला पांढरट, आणि चार पायांच्या जागी चार टोकं. त्यावर मांडी घालून काकू लिहायच्या, 'कोणत्याही मुक्या जिवाचे कातडे मिरवणारा मनुष्य...' आणि पुढचा शब्द सुचेपर्यंत त्यांचा डावा हात त्या तपकिरी केसांवरून आपोआप फिरत असायचा, मांजरावरून फिरावा तसा.

त्या देवघराच्या उंबऱ्याच्या आत मला परवानगी नव्हती. जिथं आपल्याला बसायचं नाही तिथल्या बैठकीबद्दल कशाला बोला?

परवानगी कांताबाईलाही नव्हती. कांताबाई वरची झाडलोट आणि भांडी करायची, रेवा शाळेत होती तेव्हापासून. सकाळी जिना चढताना मला "जय भीम, ताई" म्हणायची आणि उतरताना वरच्या सगळ्या बातम्या देऊन जायची. अख्खं घर ती पुसायची, देवघर सोडून. मृगाजिनाला तर तिची सावलीही चालत नसे. 'सोवळं आहे ते', हे तिला पहिल्याच दिवशी सांगितलेलं. चहा मिळायचा, चांगला, आलं घालून. पण तिचा स्टीलचा पेला वेगळा, स्वयंपाकघराच्या खिडकीत पालथा घातलेला.

काकूंनी एकदा कोल्ह्यांसाठी क्रांती चौकात मूक मोर्चा काढला. काकू आणि मूक, ह्यातच त्या मोर्चाचं जे व्हायचं ते झालं. त्या दिवशी कांताबाई काम संपवून माझ्या दुकानाच्या पायरीवर बसली होती. म्हणाली, "ताई, मला एक शेपूट पाहिजे व्हती बगा."

"कशाला गं?"

"काकूनं माझ्यासाठी बी मोर्चा काढला असता."

करमाडची गोष्ट सांगितल्याशिवाय काकू पुऱ्या होत नाहीत. माझ्या आईनं मला एक घोंगडी पाठवली होती. काकूंनी तिचं टोक चिमटीत धरलं. प्रश्न ठरलेला.

"आमच्या मेंढरांचं," मी म्हटलं.

"मेली?"

"नाही हो. चरतायत. लोकर कातरली फक्त."

काकूंनी घोंगडीचं टोक सोडलं. "म्हणजे आता त्या उघड्या आहेत?"

ह्या विचारानं त्यांना झोप लागेना. शेवटी त्यांनी मला मेंढ्यांसाठी फ्लॅनेलची जॅकिटं शिवायची ऑर्डर दिली. मी शिवली. ऑर्डर ती ऑर्डर. मेंढीचं माप घ्यायची सवय नव्हती, पण गळा मोठा, पुढच्या पायांना दोन बाह्या आणि पोटाखाली बंद, एवढं केलं की होतं. कापड गुलाबी, त्यावर फुलं.

एका सकाळी काकूंच्या गाडीतून आम्ही करमाडला गेलो. माझ्या आईनं जॅकीट उलगडून पाहिलं, मग काकूंकडे पाहिलं.

"लोकर काढून आमी घोंगडी करायची, आन् तुमी मेंढराला कापडं घालायची व्हय, वैनी?"

"त्यांना थंडी वाजत असेल हो."

"नाय वाजत. वाजलीच तर एकमेकीला खेटून बसत्यात."

पण काकू ऐकणाऱ्यातल्या नव्हत्या. माझ्या भावानं एक मेंढी धरली आणि मी तिला जॅकीट चढवलं. मेंढी शांत उभी राहिली. काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात तिचं कोकरू दुधाला आलं, त्यानं हुंगलं आणि किंचाळून मागे पळालं. ही आपली आई नव्हेच! मेंढी कोकराच्या मागे धावली. कोकरू गुलाबी भुतापासून जीव घेऊन पळतंय, भूत त्याला हाका मारत मागे पळतंय, आणि ते पाहून बाकीचा कळप उधळला तो सरळ शेजारच्या उभ्या ज्वारीत.

माझी आई कमरेवर हात ठेवून बघत होती. पलीकडून ज्वारीवाला शिव्या देत येताना दिसला, तशी म्हणाली, "वैनी, तुमचं ते पत्रक असंल तर द्या त्याला येक."

परतीच्या वाटेवर काकू बराच वेळ खिडकीबाहेर बघत होत्या. शेंद्रा मागे पडल्यावर म्हणाल्या, "गुलाबी नको होता. निळा चालला असता."

मग रेवाचं लग्न ठरलं. मुलगा तिच्याच ऑफिसातला, दिल्लीचा पंजाबी. काकूंनी आधी जात, भाषा आणि जेवण ह्या क्रमानं विरोध केला आणि मग मुलगा व्हिडिओ कॉलवर 'नमस्कार आई' म्हणाला तशा विरघळल्या. लग्न इथंच, बीड बायपासच्या एका लॉनवर, जानेवारीत.

लग्नाच्या आदल्या महिन्यात रेवा येऊन माझ्या दुकानात बसली. लहानपणापासून तिचे कपडे मीच शिवलेले, त्यामुळे आईला सांगता न येणारं ती मला सांगायची.

"मावशी, सासूबाईंकडे मिंकची स्टोल आहे."

"मिंक म्हणजे?"

"मुंगसासारखा प्राणी असतो. खरी आहे. त्यांच्या आईनं त्यांना लग्नात दिलेली. घरातल्या प्रत्येक लग्नात त्या ती घेतात."

आता अडचण अशी होती. पंजाब्यांच्यात वरात मांडवाच्या दाराशी आली की दोन्हीकडची माणसं जोडीजोडीनं गळाभेट घेतात. वडील वडिलांशी, मामा मामाशी, आणि आमच्या विहिणी एकमेकींना भेटतात तशा दोन्ही आया. सगळ्यांच्या देखत, फोटोवाल्यासमोर. आणि काकूंनी प्राण्यांसाठी जे महिला मंडळ काढलं होतं, त्याच्या बैठकीत नुकतीच सगळ्यांकडून शपथ घेतली होती : फर घातलेल्या बाईला मी मिठी मारणार नाही. एका आगाऊ बाईनं विचारलं होतं, "आणि विहीण असली तर?" काकू म्हणाल्या होत्या, "विहीण असली तर सगळ्यात आधी नाही." ते मंडळ अख्खंच्या अख्खं लग्नाला येणार होतं.

"सासूबाईंना मी सांगितलंय," रेवा म्हणाली. "मम्मीला फर आवडत नाही, नका घेऊ. त्या चांगल्या आहेत, हो म्हणाल्या. पण आईचा भरवसा नाही. तिनं दारात त्यांचा अपमान केला ना मावशी, तर मी ह्या घरात पुन्हा पाय ठेवणार नाही. तू तिच्या जवळ उभी राहा. तिनं तोंड उघडलं की पदर ओढ."

मी म्हटलं, ओढीन.

सगळं सुरळीत झालंही असतं. पण लग्नाच्या आदल्या दिवशी विहीणबाई घर बघायला आल्या. गोऱ्या, उंच, हसऱ्या बाई. मी वर काकूंच्या ब्लाऊजची बाही सैल करत बसले होते, कांताबाई दाराशी फरशी पुसत होती. विहीणबाईंनी सँडल काढली, 'मंदिर किधर है?' विचारलं आणि सरळ देवघरात शिरल्या. विहिणीला उंबऱ्यावर कोण अडवणार? त्यांनी हात जोडले, खाली पाहिलं आणि मटकन बसून ते मृगाजिन मांडीवरच घेतलं.

"अरे वाह बहनजी! असली है?"

काकू दारात उभ्या.

"कितना सॉफ्ट है!" विहीणबाई त्यावरून हात फिरवत म्हणाल्या. "और मैं पागल, डर रही थी! रेवा ने बोला मम्मी को फर से नफ़रत है. मैंने तो अपनी स्टोल बैग में ही रख दी थी."

"वो फर नहीं है," काकू म्हणाल्या. "वो... वो पूजा का है."

"हाँ हाँ, तो हमारी भी शादी-ब्याह की है. रोज़ थोड़े ना पहनते हैं."

दाराबाहेर कांताबाईनं फडकं बादलीत बुडवलं आणि गरजेपेक्षा जास्त वेळ पिळलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लॉनवर बोचरी थंडी होती. वरात आली. काकू पैठणी नेसून दाराशी उभ्या, त्यांच्या मागे हातात सेफ्टी पिना घेऊन मी, आणि डाव्या बाजूला मंडळाच्या बायका ओळीनं, जणू परीक्षकच. गच्चीवरच्या खोलीच्या खिडकीतून नवरी खाली बघत होती. विहीणबाई गाडीतून उतरल्या. खांद्यांवर राखाडी, चकाकणारी मिंकची स्टोल, गुडघ्यापर्यंत. हात पसरून आल्या.

काकूंचा श्वास मला मागून ऐकू आला. उजवा हात वर गेला, चिमूट तयार झाली. "हे आधी," त्या म्हणाल्या, आणि मी पदर असा ओढला की दोन पिना तुटल्या.

पण काकूंना थांबवलं ते माझ्या पदर ओढण्यानं नाही. विहीणबाई आपल्या बहिणींकडे वळून कौतुकानं मोठ्यांदा सांगू लागल्या, "ये हमारी समधनजी! इनके घर में तो इतनी सुंदर मृगछाला है, असली! ये खुद उस पर..."

मंडळाच्या ओळीतली ती आगाऊ बाई पुढे सरकली. "मृगछाला म्हणजे काय हो?"

काकूंनी झडप घातली. दोन्ही हातांनी विहिणीला कवटाळलं आणि त्यांचं तोंड आपल्या खांद्यावर दाबून धरलं. पुढचे शब्द पैठणीत गेले. काकूंचं स्वतःचं तोंड मिंकमध्ये, नाक, चष्मा, सगळं. ढोलवाल्याला वाटलं विहिणींचं प्रेम ऊतू चाललंय, त्यानं जोर लावला. विहीणबाईंच्या बहिणींनी डोळे पुसले. काकू सोडायला तयार नव्हत्या, कारण सोडलं की विहीण बोलणार.

शेवटी सुटल्या तर फोटोवाला म्हणाला, "काकू, अजून एकदा. फोकस गेला."

काकूंनी अजून एकदा मिठी मारली. खिडकीत रेवा रडत हसत होती.

नंतर मी त्यांना खोलीत नेऊन पिना लावत होते. मिंकचे बारीक केस जरीत अडकले होते, ते एकेक वेचत होते. काकू आरशाकडे बघत म्हणाल्या, "मऊ होतं गं." मग चष्मा पुसत, "म्हणूनच वाईट."

मंडळात चौकशी झाली. काकूंनी सांगितलं, मिठी लेकीसाठी होती आणि मृगछाला म्हणजे एक प्रकारची सतरंजी. पण पाहुण्यारावळ्यांचा आता भरवसा नव्हता. पाठवणीनंतरच्या आठवड्यात त्यांनी मला मेजरटेप घेऊन वर बोलावलं. देवघराच्या उंबऱ्याशी मी सवयीनं थांबले.

"आत ये," काकू म्हणाल्या. "माप घ्यायचंय."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्या उंबऱ्याच्या आत गेले. त्यांनी मृगाजिनाकडे बोट दाखवलं. "याला खोळ शिव. जाड कापडाची. आत काय आहे ते दिसता कामा नये. आणि कुणाला सांगू नकोस."

मी गुडघ्यांवर बसले, टेप लावली. केस अजून दाट होते. हातात घेतल्यावर राहवलं नाही. विचारलं, "काकू, हे आधी कुणाचं होतं?"

"माझ्या आजेसासऱ्यांचं," काकू म्हणाल्या, पापणीही न लववता. "काशीहून आणलं होतं त्यांनी."

दाराबाहेर फरशी पुसणारी कांताबाई उठून उभी राहिली.

"काकू, खोळ मळली तर झटकायला, धुवायला मी घ्यायची ना? का तिला बी सोवळं?"

काकू विचारात पडल्या. खोळ बाजारातल्या कापडाची, शिवणार मी. तिला सोवळं म्हणायला त्यांनाही जागा सापडेना.

"खोळीला हात लावलास तर चालेल," त्या म्हणाल्या. "आतल्याला नको."

"बरं," कांताबाई म्हणाली. "मेलेल्या हरणाला उगी तरास नको."

मी मांजरपाटाची खोळ शिवली. चेन लावली नाही, बंद लावले नाहीत. चारी बाजूंनी दुहेरी टीप मारून मृगाजिन आत पक्कं बंद करून टाकलं आणि वर नेऊन दिलं. काकूंनी उलटसुलट करून पाहिलं.

"अगं, उघडायची कुठून? आतलं काढायचं कसं?"

"कशाला काढायचं?" मी म्हटलं. "तुम्हाला दिसायला नको होतं ना. आता खोळ म्हणजेच ते. उचलायचं तर खोळीसकट, झटकायचं तर खोळीसकट."

कांताबाईनं पुढचं ऐकून घेतलं नाही. तिनं काकूंच्या हातातून ते दोन्ही हातांनी उचललं, गॅलरीत नेलं आणि कठड्यावर असं आपटलं की आजेसासऱ्यांच्या वेळची धूळ औरंगपुऱ्यावर उडाली. मग उलट करून दुसऱ्या बाजूनं आपटलं. काकूंचे ओठ हलले, पण कांताबाईचा हात खोळीलाच होता, आणि खोळीला चालेल हे त्या स्वतःच बोलून बसल्या होत्या. थोडा वेळ उन्हात ठेवून कांताबाईनं ते काखेत मारलं, देवघराचा उंबरा ओलांडून आत गेली, देवांसमोर नीट सरळ अंथरलं आणि वळून म्हणाली, "बसा काकू. उनानं गरम झालंय, बरं वाटंल."

काकू एकदा तिच्याकडे, एकदा देवांकडे बघत राहिल्या. मग बसल्या. कागद मांडीवर घेतला, चष्मा लावला आणि नव्या पत्रकाची पहिली ओळ लिहिली. पुढचा शब्द सुचेना, तसा डावा हात सवयीनं खाली गेला, मांजरपाटावरून इकडून तिकडे फिरला, काही सापडलं नाही तेव्हा थांबला, आणि परत मांडीवर आला.